दोन वाजताचा रकाना

इथले बहुतेक अनुभव वाचून मी हसलेय, हे आधीच कबूल करते. माझे वडील अंबडला शिक्षक होते. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. अंगात येणं, भानामती, गंडेदोरे... या सगळ्याविरुद्धची पत्रकं बसस्टँडवर वाटतच मी मोठी झाले. आजही वाटते. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते दडपणं हासुद्धा खोटेपणाच, म्हणून लिहितेय.

मी जालन्यात मस्तगडजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये (नाव देत नाही) स्टाफ नर्स आहे. सर्जरी वॉर्ड, पहिला मजला, बेड नंबर सात. वेळ भरदुपारची. खिडकीतून ऊन आत आलेलं. अंधार वगैरे काही नव्हता.

ऑपरेशननंतर पेशंटच्या शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं, हे दर तासाला मोजून तक्त्यात लिहायचं असतं. लघवी नळीतून पिशवीत जमते, ती मगात ओतून मोजायची. आत काही बिघडत असलं की बऱ्याचदा आधी लघवी घटते. आणि नेमके हेच आकडे अंदाजे ठोकायची रीत पडलीय. मागचा आकडा बघायचा, थोडा इकडेतिकडे करून लिहायचा... झालं. यावरून मी मीटिंगमध्ये सगळ्यांशी भांडले होते. "मी आजवर एकही आकडा न मोजता लिहिला नाही," असं ठणकावून सांगितलं होतं. 'अंदाजे लिहिणं म्हणजे पेशंटशी खोटं बोलणं' असा कागदही नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर मीच चिकटवला होता.

त्या दिवशी सातवर कुंभार पिंपळगावचे नामदेवमामा होते. सकाळीच आतड्याचं ऑपरेशन झालेलं. सोबत त्यांची बायको, गयामावशी. अकराला साठ मिली, बाराला पन्नास, एकला पस्तीस. दोनला माझी ड्यूटी संपणार, चौदा पेशंटचे कागद पुरे करायचे... मी मोजायला गेले, तर मावशी मोजायचा मग धुऊन बाथरूममधून येत होत्या.

"मावशी, ओतून टाकलं? मोजायचं होतं ना!"

"घाण हाय ती बाई. तुम्ही लेकीवाणी, तुम्ही कशाला हात लावता?"

"पण किती होतं?"

"बराबर व्हतं. मघासारखंच."

मी लिहिलं... चाळीस. हो, मीच. त्या चिकटवलेल्या कागदाखाली बसून.

दुपारच्या ड्यूटीची शबाना चार्ज घ्यायला आली. तक्ता बघून म्हणाली, "ताई, दोनचा रकाना कोरा आहे. शाई पेनातली संपली का डोक्यातली?"

खरंच कोरा होता. वाटलं, गडबडीत दुसऱ्याच कागदावर लिहिलं असेल. तिच्यासमोर पुन्हा लिहिलं. चाळीस. निळं, ठसठशीत. तिने औषधांचं पान उलटून पाहिलं, परत आधीच्या पानावर आली...

कोरा.

वरचे साठ, पन्नास, पस्तीस जागच्या जागी. त्याच पेनाचे. मी रकान्यावरून बोट फिरवलं. पेनाचा दाब बोटाला लागत होता. शाई नव्हती.

शबानाची मस्करी थांबली. हळूच म्हणाली, "ताई... तू मोजलं होतंस ना?"

मी सात नंबरकडे धावले. पिशवी कोरडी. मामांच्या कपाळावर घाम, नाडी पळतेय.

"मावशी, खरं सांगा. मगात किती होतं?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "काईच न्हवतं बाई. नुसताच मग धुऊन आणला. डाक्टर सकाळी बोलून राह्यले व्हते, लघवी थांबली तर पुन्यांदा पोट उघडावं लागंल. मी म्हणलं, पुन्यांदा उघडलं तर ह्ये काय वाचत न्हाईत. मंग लपवलं..."

नळी तपासली, अडकलेली नव्हती. पोट टणक झालेलं. डॉक्टर आले आणि मामांना तसंच पुन्हा थिएटरमध्ये नेलं. आत रक्तस्राव सुरू होता. "तासाभराने कळलं असतं तर हातात काही उरलं नसतं," डॉक्टर म्हणाले. मामा वाचले. चालत घरी गेले.

त्या दिवशी घरी जाण्याआधी मी दोनच्या रकान्यात शून्य लिहिलं. ते अजून आहे.

ते पेन आजही नीट लिहितं. उष्णतेने उडणारी शाई म्हणावी, तर वरचे आकडे का राहिले? शबाना सोडून कुणी कागदाला हात लावला नव्हता. आमच्या आयाबाई म्हणाल्या, सातपाशी नारळ फोडा. मी फोडू दिला नाही, आणि इथेही कुणी तसला सल्ला देऊ नये. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. नाही म्हणजे नाही, पण म्हणून भूत मानणार नाही.

फक्त एक केलं. रेकॉर्ड रूममधून माझे जुने तक्ते काढले. बहुतेक भरलेले होते. मग पहिल्या वर्षातला एक सापडला. बेड तीन, एक बाई, सारख्या बर्फाचा खडा मागायच्या. त्या घरी गेल्या नाहीत. त्यांच्या तक्त्यात, माझ्या अक्षरातल्या आकड्यांच्या मधोमध, सलग चार रकाने कोरे आहेत.

मी बोट फिरवून पाहिलं. चारही ठिकाणी पेनाचा दाब लागतो.