धोंड्याच्या दिवशी सापशिडी

मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला खेळात हरवतो. (एखाद्या वेळी चुकून नाही, दर रविवारी.) हे वाचून कुणी मला वाईट बाप म्हणणार असेल, तर त्यानं तसदी घेऊ नये. मी स्वतःला म्हणून झालेलं आहे.

सुरुवात चांगल्या हेतूनं झाली होती. तनू सारखी मोबाइलमध्ये डोकं घालून बसते, म्हणून माझी बायको वैशाली एकदा म्हणाली, "अहो, तिच्याबरोबर बसून खेळता येईल असं काहीतरी आणा." मी पडघ्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. शहापूरला घरी पोचेपर्यंत तनू पेंगायला लागलेली असते. त्यामुळे मला अपराधी वाटायला फारसं निमित्त लागत नाही. त्याच संध्याकाळी मी बाजारातल्या दुकानातून प्याद्यांचा एक खेळ आणला. खोक्यावर हसणारं मूल होतं. आमच्या घरी ते हसू पहिल्याच डावात मावळलं, कारण मी तनूची सगळी प्यादी मारली.

"ती लहान आहे हो!" वैशाली म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखे," मी म्हणालो. (त्या क्षणी मला आपण फार मोठे संस्कार करणारं वाक्य बोललो असं वाटलं.)

मग पश्चात्ताप झाला आणि मी दुसरा खेळ आणला. पालथ्या पत्त्यांतून जोड्या शोधायचा. त्यात मात्र पोरीनं मला सपाटून हरवलं! मी तोंडावर हसलो. दुसऱ्या दिवशी पत्ते गुपचूप गोदामात नेले आणि जेवणाच्या सुट्टीत फोर्कलिफ्टच्या ड्रायव्हरबरोबर आठवडाभर सराव केला. रविवारी तनूला हरवलं. तिनं खोका लाथेनं पलंगाखाली सारला.

तिसरा खेळ लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्याचा. एक एक ठोकळा अलगद काढायचा, मनोरा पाडेल तो हरला. इथं मी ठरवून हरलो. मनोऱ्याला कोपर लावून तो जमीनदोस्त केला आणि "अरेरे!" म्हणालो.

तनूनं माझ्या कोपराकडे पाहिलं. "पप्पा, तू मुद्दाम पाडलंस."

"नाही गं!"

"मला खरं खरं जिंकायचंय. एकदा तरी."

ते "एकदा तरी" माझ्या छातीत जाऊन बसलं. मी पुन्हा दुकानात गेलो. एव्हाना दुकानदार मला ओळखायला लागला होता. त्याला म्हटलं, "असा खेळ द्या, ज्यात मोठ्या माणसाला काही करताच येणार नाही."

"मग सापशिडी न्या. तिच्यात अक्कल चालत नाय."

मी सापशिडी घेतली. आता जे काही होईल ते फासा करील, मी नाही.

योगायोगानं दुसऱ्याच दिवशी आम्हांला सासुरवाडीला जायचं होतं. यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता आणि सासूबाईंचा धोंड्याच्या जेवणाचा निरोप तीनदा येऊन गेला होता. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, दिव्यासकट ताटभर अनारसे वाण द्यायचे, ही रीत. आम्ही मोटरसायकलवर सापगाव, किन्हवलीवरून मुरबाडच्या पलीकडे त्यांच्या गावी निघालो. मधे बसलेल्या तनूनं सापशिडीचा खोका पोटाशी धरला होता. "तिथं सगळ्यांसमोर मी जिंकणार," ती माझ्या पाठीला सांगत होती. मी हेल्मेटमधून "नक्की, नक्की" म्हणत होतो.

जेवण झालं. मला पाटावर बसवून कुंकू लावलं, टोपी-टॉवेल आणि नारळ दिला. एवढे धोंडे पोटात गेल्यावर उठणं शक्यच नव्हतं, म्हणून मी पाटावर असतानाच तनूनं समोर पट मांडला. खेळायला ती, मी, माझे सासरे (मी त्यांना मामा म्हणतो) आणि मेहुणा संतोष. सासूबाई, म्हणजे मामी, पंखा घेऊन माझ्या मागे.

पहिला फासा कुणी टाकायचा यावर तनू म्हणाली, "सगळ्यांत लहान आधी."

"असं कसं गो?" मामा म्हणाले. "जावयबापू बसलेत ना! आधी त्यांचा मान."

मी टाकला. चार आले. चौथ्या घरात शिडी होती, ती चढलो. पुढच्याच फेरीत एका लठ्ठ हिरव्या सापाच्या तोंडात पडलो. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी सोंगटी उचलून सापाच्या शेपटीकडे घसरवायला निघालो, तोच मागून मामींनी माझं मनगट धरलं.

"काय करताय?"

"साप चावला, मामी. खाली जायचं."

"धोंड्याच्या दिशी? माज्या घरात? जावयाला जनावर चावलं?" मामींचा चेहरा उतरला. "नाय, नाय! ते काय चालायचं नाय!" आणि त्यांनी माझी सोंगटी उचलून सापाच्या पुढच्या घरात ठेवली. वर मीठ-मोहऱ्या आणून माझ्यावरून ओवाळून टाकल्या!

"आजी, चीटिंग!" तनू ओरडली.

"तसं नाय गो," मामांनी तिला शांतपणे समजावलं. "तुजा पप्पा आज नारायण हाय. नारायण सापावर निजतो. त्याला साप कसा चावंल?"

यावर सापशिडीच्या खोक्यावरच्या नियमांत काही उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी त्या पटावरच्या एकूण एक सापाला भेटलो आणि एकही मला चावला नाही. मला दोन पडले की संतोष माझी सोंगटी पाच घरं पुढे न्यायचा.

"संतोष, दोनच होते."

"दाजी, तुमी जेवलाय, तुमाला दिसत नाय नीट."

तनूला मात्र साप चावत होते. ती नियमानं खाली जात होती, नियमानं वर चढत होती आणि दर वेळी माझ्याकडे बघत होती. शेवटी मला राहवलं नाही. मी सोंगटी उचलली आणि स्वतःहून पहिल्या घरात नेऊन ठेवली.

झालं! मामींचा पंखा थांबला. "आमचं काय चुकलं?" त्यांचा आवाज भरून आला. "पुरण गोड नव्हतं काय? आं? धोंड्याला आलेला जावय पार खाली जाऊन बसला, लोकं काय म्हनतील!"

वैशालीनं स्वयंपाकघरातून डोकं काढलं आणि दातओठ खात म्हणाली, "अहो, गप जिंका ना!"

मी गप जिंकलो. मामांनी टाळ्या वाजवल्या. संतोषनं माझ्या तोंडात आणखी एक धोंडा कोंबला. तनूनं पट गुंडाळला, चटई काखेत मारली आणि अंगणातल्या मांडवाखाली जाऊन बसली. रडत नव्हती. (रडली असती तर मला बरं वाटलं असतं.)

मी मागोमाग गेलो. "तनू, आता फक्त आपण दोघं खेळू."

"नको. तुला साप चावत नाही."

"चावेल!"

"आधी आजीला सांग, तू जावई नाहीयेस म्हणून."

मागणी रास्त होती. मी तसाच आत गेलो आणि मन घट्ट करून म्हणालो, "मामी, एक विनंती आहे. आजपासून... म्हणजे आता थोडा वेळ, मी तुमचा जावई नाही असं समजा."

एवढं वाक्य मी आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही.

मामी मटकन खाली बसल्या. "अगो बाय! पोरीला सोडतो म्हनतात!"

"तसं नाही हो..."

"अवो, ऐकलंत काय?" त्यांनी मामांना हाक मारली. तेवढ्यात डुलकी लागलेले मामा उठून चष्मा शोधायला लागले. संतोष बाह्या सरसावत आला. थोड्या वेळापूर्वी याच माणसानं मला पुरण भरवलं होतं! "दाजी, ताईला काय बोललात? खरं सांगा! टाइमपास नाय पायजे!"

"सापशिडी..." मी एवढंच म्हणू शकलो.

"सापशिडीपायी बायको सोडतं काय कोन?" मामा कळवळून म्हणाले. "जावयबापू, तुमीच जिंकलात ना!"

वैशाली हात पुसत बाहेर आली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मांडवाखालच्या पाठमोऱ्या तनूकडे, आणि तिला सगळं कळलं. (लग्नाला बारा वर्षं झाली की समोरच्याच्या मूर्खपणाचा अंदाज लवकर येतो.) "आई, कुणी कुणाला सोडत नाहीये. पोरीला बापाबरोबर सरळ खेळायचंय. थोडा वेळ ह्यांचा मान बाजूला ठेव."

"मान कसा बाजूला ठेवू? घरात बसलेला मानूस हाय." मामी विचारात पडल्या. मग एकदम उठल्या, देव्हाऱ्यातून एक सुपारी आणली, माझ्या रिकाम्या पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी माझी टोपी, टॉवेल आणि नारळ मांडला. पूजेत ज्याची मूर्ती नसेल त्याची सुपारी मांडतात, तसं!

"हे आमचे जावय," त्या हात जोडून म्हणाल्या. "आता भायेर कोन खेळतंय, त्याला काय चावतंय, मला ठावं नाय."

मी मोकळा झालो.

मांडवाखाली चटईवर आम्ही डाव मांडला. तिसऱ्याच फेरीत मला साप चावला! तनूनं आत पाहिलं. मामी दारातूनच मला बघत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. मी घसरत खाली गेलो. तनू खदखदून हसली. मग तिला चावला, ती गेली. मग मला. इतका सुंदर खेळ मी पूर्वी कधी खेळलो नव्हतो.

मग मला एक शिडी लागली. मोठी. पाठोपाठ दुसरी. बघता बघता मी शहाण्णवावर पोचलो. तनू नव्याण्णवावर. तिला एक हवा होता, मला चार. मी फासा मुठीत घेतला, त्यावर फुंकर मारली आणि डोळे मिटले.

दोन पडले. अठ्ठ्याण्णव. साप!

तनूनं फासा टाकला. तो चटईवरून घरंगळला, एका घडीपाशी डुगडुगला आणि थांबला. एक!

ती उठून नाचायला लागली. "खरं खरं! आई, खरं खरं जिंकले!" वैशाली धावत आली, मामा आले, संतोष आला, आणि त्या सगळ्या गलक्यात कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "थांब! घडीवर अडकला होता. धरत नाहीत तो! परत टाक!"

सगळे माझ्याकडे बघत होते, त्या अर्थी तो मीच होतो.

"अहो..." वैशाली म्हणाली.

"नियम सगळ्यांना..." मी म्हणालो.

तनूला जराही वाईट वाटलं नाही. तिनं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं, चटई हातानं सपाट केली, फासा उचलला आणि परत टाकला. परत एक!

मामी दारातून वळल्या आणि आतल्या पाटाकडे बघत भक्तिभावानं म्हणाल्या, "आमचे जावय बघा कसे. हरलं-जिंकलं, एक शबुद नाय."

मीही आत पाहिलं. सुपारी हळदकुंकू लावून खरोखरच फार समंजसपणे बसली होती. तिच्याइतका चांगला जावई आणि बहुधा तिच्याइतका चांगला बाप मला होता येणार नाही, हे मी तिथल्या तिथे कबूल केलं.

पण चटई सरळ नव्हती, एवढं मात्र खरं.