मधलं पान

वसतिगृहाचे रेक्टर आमची गुपितं वहीत लिहायचे, प्रार्थनेला सगळ्यांसमोर वाचायचे आणि मग पट्ट्याने मारायचे. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. तो संताप अजून गेलेला नाही. सुरतेत दोन समुपदेशकांनी वही उघडली, तेव्हा दोन्ही वेळा मी उठून चालता झालो.

तिसऱ्या समुपदेशक बाईंनीही वही काढली. मी कापडाचा व्यापारी. ताक्याची वरची घडी सगळेच चांगली ठेवतात, म्हणून मी ताका मधून उलगडून बघतो.

"मधलं कुठलंही पान दाखवा," मी दरडावलं.

"ते दुसऱ्यांचं आहे, भाऊ. तुमचं पान हवं तर फाडून घरी न्या."

मी उभा राहून आवाज चढवला.

"ओरडलात तरी नाही," म्हणत त्यांनी वही खणात ठेवून कुलूप लावलं.

मी खाली बसलो आणि रेक्टरांपासून सांगायला सुरुवात केली.