पास्कूने कानात आणून सोडलेलं नाटक

"मेल्या बाबल्या, तोंड बंद कर! भायर सगळा ऐकाक येता!" पास्कू आवाजाच्या मिक्सरमागून बोंबलत होता. मी विंगेत, लाइटच्या बटणांपाशी, कानांवर हेडफोन चढवून राजाचा पार्ट करणाऱ्याला सात पिढ्यांच्या शिव्या घालत होतो. त्या शिव्या हॉलच्या स्पीकरांतून कट्टा गावच्या बाजारापर्यंत पोचल्या. एस.टी. जागीच थांबली, कंडक्टरने कानांत बोटं घातली... हे मी कमी करूनच सांगतोय.

पास्कू गेल्याला सहा आठवडे झाले. आमच्या नाटक मंडळाचा आवाज तो, उजेड मी. पण अकरा वर्षांपूर्वी माझे कान गेले. असे गेले, की कोंबडा आरवताना दिसला तरी वाटायचं, जांभई देतोय. संवाद ऐकू येईनात, दिवे चुकू लागले. एकदा नायिका मरून लख्ख उजेडात पडून राहिली, शेवटी बिचारी स्वतःच उठून आत गेली! मंडळाने ठरवलं, बाबल्याला आता घरी बसवा. पास्कू म्हणाला, "एक प्रयोग थांबा."

विंगेतल्यांनी आपसांत बोलायचे हेडफोन होतेच. त्यांत रंगमंचावरच्या माइकचा आवाज मिक्सरमधून आणून सोडायचा, हा त्याचा घाट. मात्र त्या हेडफोनच्या वायरीतून बोलण्याबरोबर वीजही धावते. थेट जोडली तर मिक्सरचा धूर. म्हणून मधे त्याने साबणाच्या डबीत पिटुकला ट्रान्सफॉर्मर बसवला, आवाज जाऊ देणारा, वीज अडवणारा. सगळं बरोबर केलं आणि ऐन दुपारच्या प्रयोगात पिन भलत्याच भोकात खोचली. नाटक माझ्या कानात यायच्या ऐवजी माझं तोंड गावात गेलं.

दुसऱ्या अंकाआधी त्याने पिन बदलली. आणि... राजाचा श्वास माझ्या कानात. नायिकेच्या बांगड्यासुद्धा. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"रडतंस कित्याक?" त्याच वायरीतून पास्कू.

"ह्या असला तू रोज ऐकतंस? तरी शाणो कसो रवलंस?"

त्या डबीच्या जिवावर मी पुढची अकरा वर्षं दिवे लावले. घरी बसलो असतो, तर पास्कूच्या आधी मीच गेलो असतो. यात मात्र अतिशयोक्ती नाही.

परवाच्या रविवारी दुपारी प्रयोग होता. मिक्सरवर त्याची बायको फिलू. इतकी वर्षं ती त्याच्या शेजारीच बसायची. साबणाची डबी जागच्या जागी. मी हेडफोन चढवला आणि सवयीने विचारून गेलो, "पास्कू, आसंस मां रे?"

बारीक घरघर... मग फिलू म्हणाली, "तो नाय, मी आसंय. पडदो वर गेलो. लाइट दी."