एकाच नावाच्या दोन कुकीज

गेल्या रविवारी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका तांड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते... आजूबाजूला काढलेल्या हळदीचे ढीग, समोर दोन जावा, आणि दोघी एकमेकींकडे न बघता बसलेल्या.

मी हिंगोलीत राहते, घरूनच वेबसाइट बनवायचं काम करते. माझी शाळेतली मैत्रीण मनीषा गोरेगावला असते. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा हळद शिजवायचा कुकर आहे, ट्रॅक्टरमागे लावून शेतोशेत फिरणारा.

सीझनमध्ये फोन घेऊन घेऊन ती वैतागली, म्हणून तिने कुणाकडून तरी नंबर लावायची एक साधी साइट करून घेतली. नाव एकदा टाकलं की साइट ते लक्षात ठेवते. पुढे फक्त दिवस निवडायचा.

शनिवारी तिचा फोन आला. "अगं, साइटवरून तांड्यावर भांडण लागलंय. तूच बघ बाई आता काय ते."

झालं होतं असं... शांताबाई थोरल्या जाऊ, जमुना धाकटी. चुली वेगळ्या, शेतं शेजारी. जमुनाचा फोन बिघडलेला, म्हणून तिने शांताबाईंच्या फोनवरून साइट उघडली, 'नाव बदला' दाबलं आणि स्वतःचं नाव टाकलं. 'नमस्कार, जमुना' असं आलेलंही तिने पाहिलं. मग नंबर लावला.

कुकर आला तो मात्र शांताबाईंच्या नावाने, थेट त्यांच्या शेतावर. त्यांचा एक ढीग आधी शिजून झाला होता, दुसरा बाकी होता. त्यांना वाटलं, मनीषानेच त्या ढिगासाठी कुकर पाठवला असेल. तो ढीग शिजवून कुकर पुढच्या गावाला गेला, आणि जमुनाची काढलेली हळद तशीच पडून राहिली. काढलेली हळद अशी ठेवता येत नाही, खराब होते.

जमुनाचं म्हणणं एकच. जाऊबाईंनी मागून माझं नाव पुसलं आणि त्यांचं घातलं. शांताबाई म्हणत होत्या, मी फोनला हातसुद्धा लावला नाही. तेव्हापासून बोलणं बंद, पोरांचं एकमेकांच्या घरी जाणंही बंद.

मला खरं तर आधी जमुनाचंच पटलं होतं. साइट आपोआप नाव कशाला बदलेल?

पण शांताबाईंचा फोन हातात घेतला आणि गंमतच दिसली... पहिल्या पानावर 'नमस्कार, जमुना'. नंबर लावून बघितला, तर शेजारी बसलेल्या मनीषाच्या फोनवर नोंद आली शांताबाईंची! पुन्हा केलं, पुन्हा तेच. मधे कुणीच काही केलं नव्हतं, फोन तर माझ्या हातात होता.

आता मला चैन पडेना. फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि साइटच्या कुकीज उघडल्या. कुकी म्हणजे साइटने आपल्याच ब्राउझरमध्ये ठेवलेली बारीकशी आठवण. तिथे नाव लक्षात ठेवणारी एक कुकी असायला हवी होती... होत्या दोन. दोन्ही कुकीजचं नाव एकच, एकीत 'शांताबाई', दुसरीत 'जमुना'.

प्रत्येक कुकीला एक path असतो, म्हणजे साइटच्या कुठल्या भागात ती दिसणार, ते. शांताबाईंचं नाव ठेवलं गेलं होतं नंबर लावायच्या पानावर, फक्त त्या भागापुरतं. 'नाव बदला' हे बटण मात्र पहिल्या पानावर. ते दाबलं की लायब्ररी, म्हणजे कुकीज ठेवायला-पुसायला साइटमध्ये वापरलेला तयार कोड, सगळ्या साइटसाठीची कुकी पुसायला जायची, तशी कुकी सापडायची नाही, आणि लायब्ररी काही न बोलता परत यायची. ना एरर, ना काही.

मग जमुनाचं नाव दुसऱ्या कुकीत जाऊन बसलं. पहिल्या पानाला तेवढंच दिसत होतं. नंबरच्या पानाला दोन्ही दिसत होत्या, आणि तिथे त्या भागाची खास कुकी आधी वाचली जाते... म्हणजे शांताबाई.

हे सगळं त्या दोघींना कसं सांगावं? मी दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडून दाखवली. म्हटलं, "नाव कुणीच पुसलं नाही. पुसायला पाहिजे होतं ते पुसलं गेलं नाही, म्हणून हे झालं."

जमुनाने दोन्ही पानांवरची नावं बोट ठेवून वाचली. मग मलाच विचारलं, "म्हंजे ताई, ह्या खरंच बोलून राहिल्या होत्या?"

"हो."

शांताबाई शांतपणे म्हणाल्या, "तू मला एकदा तरी विचारायचं होतंस, जमुना. तू तर बराबर ठरवूनच आलतीस."

जमुनाने मान खाली घातली. पदराने डोळे पुसले. "चुकलं माझं, बाई," एवढंच म्हणाली.

मी कोड दुरुस्त केला. ठेवताना आणि पुसताना दोन्हीकडे एकच path दिला, जुनी कुकी काढली. मनीषाने नवऱ्याला फोन करून कुकर दुपारीच मागवून घेतला.

कुकर जमुनाच्या शेतात लागला. वरची हळद काळी पडायला लागली होती, बाकीची चांगली निघाली. टोपल्या भरायला माणसं कमी होती... आणि बघते तर शांताबाई आपली टोपली घेऊन बांध ओलांडून येत होत्या. आल्या, ढिगापाशी बसल्या, भरायला लागल्या. थोड्या वेळाने दोघींचं त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी सुरू झालं. मला कळलं नाही, पण आवाज रोजचा वाटला.

लायब्ररीच्या माहितीत एक ओळ असते... कुकी ठेवताना दिलेला path पुसतानाही द्या. ती मी कितीतरी वेळा वाचली असेल, आणि वाचून पुढे गेले असेन. ती न पाळल्याने दोन घरांतलं बोलणं थांबू शकतं, हे हिंगोलीत खुर्चीवर बसून मला कधीच कळलं नसतं. मनीषा, मला तिथपर्यंत घेऊन गेलीस, फार बरं केलंस.