चक्कीच्या दारातला फोटो

त्या बाई अंगठ्याला थुंकी लावायच्या. अंगठा जिभेवर टेकवायचा आणि समोरच्या बाईच्या कपाळावरचा भुरभुरणारा केस त्या ओल्या अंगठ्याने मागे चिकटवायचा. समोर बँकेतल्या साहेबांची बायको असो की दूध घालायला येणारी गवळण, अंगठा तोच. मग कॅमेरा घेऊन दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून म्हणायच्या, "आता काही करू नका. आहात तशा राहा."

आणि लगेच सुरू. "हनुवटी खाली. अहं, एवढी नको. डावा पाय पुढे. पदर पडू दे की गं जरासा, कोण बघतंय?" सबंध बाजार बघत असायचा.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याची आठवण आली की आधी अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं होतं. मला ती ओली रेघ अजून कपाळावर जाणवते. मी पदराने खसाखसा पुसायचे, पण तोंडाने कधी काही बोलले नाही. मी बोलणारी बाईच नव्हे. न बोलता माणूस काय काय करू शकतं, ते पुढे सांगते.

ऐंशीनंतरची ती वर्षं. यांची बँकेतून जयपूरला बदली झाली होती आणि आम्ही मालवीय नगरला राहत होतो. निम्मे प्लॉट रिकामे, वारं सुटलं की ताटात वाळू. बरोबर माझी नणंद कुंदा. सासू-सासरे गेलेले, त्यामुळे तिचं लग्न व्हायचं होतं ते आमच्या घरातून. वयाने ती माझ्याएवढीच, पण मला वहिनी म्हणायची.

या बाई आम्हांला भेटल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला. यजमान फौजेत कर्नल. त्याआधी रोमला वकिलातीत तीन वर्षं काढलेली. पाठीमागे आम्ही त्यांना कर्नलीणबाई म्हणायचो आणि तोंडावर मॅडम. त्यांनी तिकडून कॅमेरा आणला होता, चित्रांच्या मासिकांचा ढीग आणला होता आणि कॉफीचं एक अष्टकोनी भांडं. त्यातली कॉफी म्हणजे डांबर. ती पिऊन आमच्यातल्या एकीला मळमळलं, तर म्हणाल्या, "सवय नाही ना तुम्हांला आयुष्याची."

घरी बोलावून कॉफी पाजली, त्याच दिवशी त्यांनी मासिकं पसरून दाखवली. गल्लीत दोऱ्यांवर कपडे, खाली खुर्ची टाकून बसलेली जाडजूड बाई. पावाच्या दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून हसणारी दुसरी. "तिकडे बायका घरात पडद्यापुढे उभ्या राहून फोटो काढतच नाहीत. आयुष्य रस्त्यावर असतं गं त्यांचं!"

"आमचंही असतं हो," कोपऱ्यातून एकीने म्हटलं, "रॉकेलच्या रांगेत."

सगळ्या हसल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. डोळे बारीक करून म्हणाल्या, "रॉकेलची रांग! कुठे असते? किती वाजता?"

अशा रीतीने जयपुरात इटली सुरू झाली. सायकलच्या पंक्चरवाल्याकडे, कुल्फीच्या गाडीपाशी, बगरू गावात छापलेली कापडं वाळत घालतात त्या मैदानात बाई आम्हांला जीपमधून न्यायच्या आणि उभ्या करायच्या. माझं काम पांढरी चादर धरून उजेड पाडण्याचं. मी का जायचे? खरं सांगते, जीपसाठी. आणि त्या गावात मला दुसरं कुणी कशाला बोलवतच नव्हतं.

भाजीबाजारातला प्रसंग विसरता येत नाही. तिथे एक म्हातारी गोणपाटावर कोबी मांडून बसायची. बाईंनी तिला उठवलं. तिच्या गोणपाटावर, तिच्याच कोबीमागे, आमच्या मॅनेजरसाहेबांच्या बायकोला बसवलं. रेशमी साडी, हातात मुळा. म्हातारी उन्हात उभी. कितीतरी वेळ हनुवटी वर, हनुवटी खाली चाललं होतं. शेवटी म्हातारी म्हणाली, "फोटू हो गया हो तो उठो बाईसा. म्हारी गोभी सूख रही है।"

"आप बीच में आ रही हैं," बाई कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाल्या.

स्वतःच्या दुकानात ती मध्ये येत होती! मला इतकी शिसारी आली की चादर खाली पडली. ती उचलून झटकली आणि पुन्हा धरली. म्हातारी माझ्याकडे बघत होती, बाईंकडे नव्हे.

आता कुंदाचं सांगते. कुंदाचे दात पुढे होते. फार नव्हे, पण घरात लहानपणापासून तेच बोललं गेलेलं. ती हसताना तोंडावर हात न्यायची, हात भरलेले असले तर हसायचीच नाही. स्थळांना पाठवायचा तिचा फोटो आम्ही जौहरी बाजारातल्या स्टुडिओत काढला होता. फोटोवाला सारखा, "मुँह बंद, बहनजी. ज़रा और बंद।" मग त्याने निगेटिव्हवर पेन्सिलीने ओठ मिटवून दिले. फोटोतली मुलगी छान होती. ती कुंदा नव्हती.

एकदा चादर धरायला म्हणून मी कुंदाला बरोबर नेलं. बाई तिला बघून थांबल्या. काहीतरी विनोद झाला, कुंदाचा हात तोंडावर गेला, आणि बाईंनी पुढे होऊन तो सरळ खाली ओढला. "हे काय? खिडकीला फळी मारतात का?"

कुंदा लाल झाली. वाटलं, रडणार. ती फिसकन हसली. तेव्हापासून ती त्यांना मावशी म्हणू लागली. मॅडम नाही, मावशी. त्यांनीही चालवून घेतलं.

चक्की आमच्या मागच्याच गल्लीत होती. बाईंच्या डोक्यात मासिकातलं ते पावाचं दुकान. पावाचं दुकान नाही तर पिठाची चक्की. मालकाला सांगून चक्की बंद करवली. दळण घेऊन आलेल्या बायका बाहेर ताटकळत. "आटा कब मिलेगा? बच्चे भूखे बैठे हैं घर पे।" बाईंचं लक्ष नाही. कुंदाला चौकटीला टेकवून उभी केली. अंगठा जिभेवर, अंगठा कपाळावर. तिथे सगळीकडे पीठ, त्यामुळे थुंकीची कणीक झाली. ती त्यांनी नखाने खरवडली. मी दुसरीकडे बघितलं.

"कमरेवर हात. बेफिकीर! तुला कुणाची पर्वा नाही. आहेस तशी राहा."

कुंदा लाकडासारखी उभी. बाई मागे सरकल्या, आणखी मागे सरकल्या, आणि कुणाच्या तरी दळून ठेवलेल्या पिठाच्या डब्यात बसल्या. चांगल्या आत. वर पांढरा ढग उठला, बाहेरच्या बायका "हाय राम!" म्हणून ओरडल्या, मालक धावला. आणि कुंदा हसली. डोकं मागे टाकून, तोंड उघडून, दोन्ही हात कमरेवरच विसरून. बाईंनी कुणाचा हात घेतला नाही. डब्यात बसल्या बसल्या कॅमेरा डोळ्याला लावला आणि खटका दाबला. त्या इटलीतला मांडणी न केलेला तेवढाच एक फोटो असेल.

पिठाचे पैसे बाईंनी नंतर ड्रायव्हरच्या हाती पाठवले, आणि त्याच्याबरोबर आमच्याकडे फोटो. फोटो त्या स्वतःच्याच न्हाणीघरात धुवायच्या. कुंदाने तो खिडकीशी नेला. बराच वेळ पाठमोरी उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, अजमेरवाल्यांना हा पाठव."

अजमेरचं स्थळ चांगलं होतं. मुलगा विम्याच्या कचेरीत, माणसं मूळची आमच्याकडची, सांगलीची. मी म्हटलं, "अगं, वेड लागलंय का? सगळे दात दिसतायत."

"म्हणूनच. हा बघून ज्याला मी नको असेन, त्याच्यापुढे बशी घेऊन जायचं नाहीये मला. मतलब, त्याने तिथेच नाही म्हणावं. माझ्यासमोर नको."

यांना विचारलं, तर हे म्हणाले, "तुम्ही बायका बघा." मी बघितलं. दोन्ही फोटो समोर ठेवले. तो चक्कीतला बघून मला तो अंगठा आठवला, कणीक आठवली, कोबीची म्हातारी आठवली. त्या बाईच्या हातून निघालेली कुठलीच गोष्ट मला स्वच्छ वाटत नव्हती. स्टुडिओतला फोटो पाकिटात घातला. कुंदाला म्हटलं, "पाठवला गं तुझा."

अजमेरहून "बघायला येतो" असा निरोप आला. कुंदाने घर डोक्यावर घेतलं. "बघितलंस? फोटो बघूनही येतायत!" मी "हं" म्हटलं.

माणसं आली. मुलगा, त्याची आई, एक मामा. कुंदा बशा घेऊन बाहेर आली ती हसतच. माझ्या संसारात मी तिला पाहुण्यांसमोर तशी हसताना पहिल्यांदा बघत होते. मामा काही म्हणाले, ती आणखी हसली. मुलगाही हसला. तेवढ्यात त्याच्या आईने पर्स उघडून फोटो काढला. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा कुंदाकडे.

"हा हिचाच का हो?"

"आई, असू दे ना," मुलगा म्हणाला.

"दातांचं नाही म्हणत मी. दात काय, माझेही पडलेत. पण फसवायचं कशाला माणसाने?"

कुंदाला मुलाच्या आईच्या हातातला फोटो दिसला. बशी तिने नीट टेबलावर ठेवली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "तो स्टुडिओतला कसा गेला?"

माझं उत्तर तयारच होतं जणू. "मॅडमनी त्यांचा परत मागून घेतला. म्हणाल्या, माझे फोटो असल्या लग्नाबिग्नाच्या बाजारात फिरवायचे नाहीत. तुला कसं सांगू कळेना."

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. ते खपलं, कारण त्यांच्या तोंडी शोभणारं होतं. कुंदा मोरीवर गेली आणि साबणाने तोंड धुऊ लागली. कपाळ पुन्हा पुन्हा धूत होती. परत दिला म्हटल्यावर फोटो घरात असून चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तो बंबात घातला.

पुढे कर्नलसाहेबांची बदली झाली. बाई निरोप घ्यायला आल्या, ते कॉफीचं भांडं मला द्यायला घेऊन. "माझी हसणारी कुठाय?" म्हणाल्या. कुंदाने आतून कडी घातली होती. बाई दारापाशी गेल्या. "अगं ए, बाहेर ये. एक तुझा काढू दे जाता जाता. चक्की नको, कुठेही चालेल."

आतून खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

"काय झालं गं? रागावली का कुणावर?" त्यांनी मला विचारलं. त्यांचा आवाज इतका साधा मी कधी ऐकला नव्हता. एखाद्या लहान मुलीला खेळायला घ्यायचं नाकारल्यावर ती विचारते, तसा. त्या क्षणी दोन वाक्यांत सगळं निस्तरलं असतं. मी म्हणाले, "डोकं दुखतंय तिचं."

पुण्याचा पत्ता देऊन गेल्या. "प्रती हव्या असल्या तर लिही. निगेटिव्ह एकही टाकत नाही मी." जीप वळेपर्यंत मान वळवून आमच्या खिडकीकडे बघत होत्या.

आम्ही जयपुरातच राहिलो. कुंदाही आमच्याजवळ, इथल्याच शाळेत शिकवते. अजमेरचं मोडलं, आणि तिने पुन्हा कुणापुढे बशी नेली नाही. मी त्या पत्त्यावर कधी लिहिलं नाही.

परवा फौजेतल्या एका ओळखीच्या बाईंकडून कळलं, की कर्नलीणबाई गेल्या. पुण्याचं घर भाच्याने विकलं, सामान भंगारात दिलं. मी घरी येऊन कुंदाला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"कौन? अच्छा, ती." तिने नाक मुरडलं. "छी! मला अजून किळस येते तिची."

ती किळस माझी होती. मी तिला दिलेली. मग मी सांगितलं. पाकीट, खोटं, बंब, सगळं. मान खाली घालून, थांबत थांबत.

"मतलब, त्यांनी मागितलाच नव्हता?"

"नाही."

कुंदा रडली नाही, ओरडली नाही. मेथीची काडी हातात तशीच धरून म्हणाली, "मग सांग. तुला कशी दिसत होते मी त्यात?"

"हसत होतीस."

"ते माहितेय मला. हसताना कशी दिसत होते?"

मी तो फोटो नीट बघितलाच नव्हता. मी दात बघितले होते. बंबात घालतानाही पाठची पांढरी बाजू वर धरली होती. ज्या बाईंनी तिला खरंच बघितलं होतं, त्यांना आता विचारता येणार नव्हतं.

कुंदा वाट बघत होती.

"पीठ होतं," मी म्हणाले. "पापण्यांवर."

"आणि?" कुंदा म्हणाली.