कागदावरची बारा वर्षं

माझं वजन एकशे अठरा किलो होतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. गुडघे कामातून गेलेले. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, एवढ्या वजनाखाली नवे गुडघे टिकणार नाहीत, आधी वजन उतरवा. पोट लहान करायचं ऑपरेशन असतं, ते सरकारी योजनेत बसलं तर फुकट होतं. मला हिंडायला-फिरायला पाय नको होते. स्वतःच्या पायानं संडासला जायचं होतं. दोन वर्षं सून धरून नेते आणि दाराबाहेर मोबाइल बघत उभी राहते. बोलत काही नाही, पण मला आत घाई होते.

मुलगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे. सुट्टी काढून तो मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेत राहिला. चार महिने तयारी चालली. रक्त, हृदय, पोटाचे फोटो. मनाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जगण्याचा कंटाळा येतो का. मी म्हणाले, रोज येतो, पण सकाळी चहा येतो आणि राहून जातं. त्यांनी बराच वेळ लिहिलं. खाण्याच्या बाईंनी अर्धी भाकरी आणि वाटीभर वरणावर आणलं. घास तीसदा चावायचा, कारण पुढं पोटात मावणारच तेवढं. मिशरी बंद करायला सांगितली. चाळीस वर्षांची मिशरी. डबी घरात ठेवली तर हात जाईल, म्हणून धाकट्या जावेकडं ठेवायला दिली.

जाऊ शेजारीच राहते, भिंतीला भिंत. दीर वारला, मूलबाळ नाही, जमीन दिरानंच विकून खाल्लेली. म्हाताऱ्या माणसांना सरकारचा महिन्याचा पगार मिळतो, त्यावर ती जगते. मलाही तो पगार मिळतो.

चार महिन्यांत नऊ किलो उतरले. डॉक्टर म्हणाले, आता कागद मंजुरीला टाका. योजनेच्या खिडकीवरच्या बाईंनी आधार कार्ड मशीनला लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"आजी, केसपेपरवर त्रेसष्ट लिहिलंय. इथं पंच्याहत्तर दिसतंय."

या ऑपरेशनला माणूस पासष्टच्या आतलं लागतं. मुलगा म्हणाला, मशीन चुकलं असेल. मशीन चुकलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी गावातला एक माणूस पगाराचे फॉर्म भरून देत होता. पगाराला पासष्ट पूर्ण लागत होते. त्यानं आम्हा बायकांना जीपमध्ये घालून नेलं, वयाचे दाखले काढले, आधारवरचं साल बदलून आणलं. मी चोपन्नची होते, सहासष्टची झाले. जाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, ती अडुसष्टची झाली. येताना जीपमध्ये मी तिला म्हणाले, आता तू मोठी, तुझ्या पाया पडते. सगळ्या हसल्या. फसवलं असं कुणी म्हणू नये. आम्ही कळून-सवरून गेलो होतो.

मी चौथी शिकलेली आहे. वडीगोद्रीच्या अलीकडं माझं माहेर आहे, तिथल्या शाळेत जुनं रजिस्टर निघालं. त्यात माझं खरं साल होतं. तारीख एक जून. गुरुजींनी निम्म्या वर्गाचा जन्म एक जूनचाच लिहिला आहे. तो उतारा आम्ही घरी आणला, आणि दुसऱ्या दिवशी जाऊ उंबऱ्यात येऊन बसली. सुनेकडून तिला कळलं होतं.

"बाई, तुम्ही वय कमी करून राह्यल्या म्हणं."

"खरं हाय तेच लावून राह्यले."

"आपले कागद एकाच दिवशीचे हायेत. तुमचं उकरलं की माझं निघंल. मंग मी काय खाऊ?"

"तुझे पाय धड हायेत. मला मुतायला जायचं तर माणूस लागतं."

"धड पायानं पोट भरत न्हाई, बाई."

ती थोडा वेळ बसली, सुनेला गवार मोडू लागली आणि उठून गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही मोठ्या हायेत. तुम्हाला दिसंल तसं करा." मला दिसलं ते मी केलं. तिसऱ्या दिवशी, डोळे दाखवायला चालले असं तिला सांगून मुलाबरोबर अंबडला गेले.

आधारच्या केंद्रावर माझी बोटं मशीनला पटेनात. तिथल्या बाईंनी ओल्या कपड्यानं पुसून पुन्हा लावली, मग पटली. त्यांनी शाळेचा उतारा नीट वाचला. म्हणाल्या, उतारा बराबर आहे, पण जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, आणि तुमची एकदा बदललेली आहे. मुलानं विचारलं, दुसरा काही रस्ता? बाई म्हणाल्या, वर अर्ज करता येईल, पहिला दाखला खोटा होता असं लिहून द्यावं लागेल. मुलगा माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणाले, "लिही." मी सही केली. त्या कागदानं जावेचं काय होईल ते मला सही करताना माहीत होतं.

दोन महिन्यांनी अर्ज नामंजूर होऊन आला. कारण लिहिलेलं नव्हतं. चौकशीही कुणी केली नाही. एवढा गुन्हा लिहून दिला, तोही कुणी वाचला नसावा. मुलाच्या सुट्ट्या संपल्या. त्यानं दवाखान्याची फाइल पिशवीत घालून कपाटावर ठेवली. आणखी दोन वर्षांनी माझं खरं वयही पासष्टच्या पुढं जाईल, मग भांडायलाही काही उरणार नाही.

जावेनं आपल्या मनानं धरलं की मी तिच्यासाठी मागं फिरले. मी तसं बोलले नाही, आणि तसं नाही असंही बोलले नाही. मिशरीची डबी तिनं परत आणून दिली. नऊ किलो उतरले होते, त्यातले सात परत आले. आता सकाळी सुनेच्या आधी तीच येते, काखेत हात घालून मला उठवते, संडासापर्यंत नेते आणि बाहेर पाठ करून उभी राहते. मोबाइल तिच्याकडं नाही. म्हणते, "बसा निवांत, बाई. मला कुठं जायचंय?"

मी आत बसून राहते. खरं सांगितलं तर उद्या ती येणार नाही, म्हणून सांगत नाही. इथं लिहिलं, कारण तिला वाचता येत नाही.