दातांखालची माती

कुठे खड्डा खणलेला दिसला की आमच्या गल्लीतला हा गडी थांबायचाच. चिमूटभर माती उचलायची, बोटांत चोळायची आणि, तुम्ही आता तोंड वाकडं करणार, ती सरळ पुढच्या दातांखाली धरायची. "करकर करते. रेती आहे," असं जाहीर करून थुंकायचा आणि भाजी आणायला पुढे निघायचा.

आमगावात माणूस वेडा ठरायला एवढं पुरतं. त्यात हा पंधरा दिवस गायब, पंधरा दिवस लुंगी लावून ओट्यावर. "सस्पेंड दिसते," असा गल्लीने निकाल दिला. खरं तर तो भर समुद्रात, तेल शोधणाऱ्या रिगवर भूवैज्ञानिक होता. तळाखालून वर येणारा दगडाचा चुरा तपासायचा आणि सांगायचं, पुढे खोदा की थांबा. कुणी साहेब घाई करू लागला की याचं ठरलेलं वाक्य, "दगडाले मस्का लागत नाही."

लग्न जमेना. शेवटी देवरीकडचं स्थळ आलं आणि मध्यस्थ म्हणून मी कडक इस्त्रीचा सदरा घालून सोबत गेलो. मुलगी चहा देऊन आतल्या दाराशी उभी राहिली. बशीत ओतलेला चहा हा बशीतच विसरला, तेव्हाच मी ओळखलं, गडी गेला!

मुलीच्या बापाने सुपारी कातरत विचारलं, "आतापावतर किती जागी तेल निघालं?"

"बहुतेक विहिरी कोरड्याच गेल्या, मामाजी."

"मंग पगार कायले देतात तुमाले?"

"कुठं खोदू नका, ते सांगायचा."

मी टेबलाखालून पाय दाबला. व्यर्थ!

म्हातारा आम्हाला घेऊन वावरात गेला. तळहातावर नारळ धरून पाणी शोधणाऱ्या नारळवाल्याने दाखवलेल्या जागी बोअरसाठी खड्डा करून ठेवला होता. "इथं पानी हाये म्हना," म्हातारा म्हणाला, "पोरगी तुमची."

मी कानाशी लागलो, "अरे, म्हणून टाक ना! बोअरची गाडी येईतोवर अक्षता पडतील."

"भाऊ, दगडाले मस्का लागत नाही." त्याने खड्ड्यातला मुरूम चावला, खालच्या खडकावर हात फिरवला. मग घराकडे एकदा पाहिलं. "सलग खडक आहे, मामाजी. पाणी नाही लागणार."

"तुमी समुद्रातच राहा!"

बोअर झाली. गावभर धूळ उडाली, थेंब नाही. मग म्हातारा स्वतःच आमच्या दारी. "पोरगी अडून राहिली, भाऊ. मने, याच्याशीच करीन. आधी पाहाले आलेले सारे पाहुने मले खूश कराले 'पानी हाये' म्हनून गेले होते."

लग्नानंतरही याचे पंधरा दिवस समुद्रातच. एकदा गल्लीत नळासाठी खड्डा खणला. तो नव्हता. त्याची बायको पिशवी घेऊन बाजाराला निघाली होती. थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि चिमूटभर माती दातांखाली धरली.

"काय निघालं, वहिनी?" मी ओट्यावरून ओरडलो.

ती दचकली. मग पदराने ओठ पुसत लाजून म्हणाली, "रेतीच हाये, भाऊजी. फोन आला का सांगीन त्याइले."